नमुना पाठवला नाही

१

आमच्या हॉस्पिटलात पेशंट आधी कागदावर बरा होतो, मग टेबलावर. चेष्टा नाही करत. कामाची पद्धतच तशी आहे.

बोईसरला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली केमिस्ट आणि टायरवाला, वर दोन मजले आमचं डोळ्यांचं हॉस्पिटल. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे, आता मला ठेवलंय. मी सलोनी. मूळची सातपाटीची, राहते उमरोळीला भाड्याने. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं, रोगाला त्याचा ठरलेला नंबर द्यायचा, डोळ्याचा फोटो जोडायचा आणि सगळं विमा कंपनीला पाठवायचं, हे माझं काम. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. माझ्या बाबांना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो तो वडस. नाकाच्या बाजूने डोळ्याच्या पांढऱ्यावर मांसाचा एक पडदा चढतो आणि सावकाश बुबुळाकडे सरकत जातो. ऊन, वारा, खारं पाणी, चुलीचा धूर. सातपाटी-मुरब्याला घरटी एकाला तरी असतो, त्यामुळे त्याला कोणी भीत नाही. पुस्तकातही तो सौम्य, म्हणजे जीवाला धोका नसलेला.

गोम पुढे आहे. कंपनीची मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते आणि मंजुरीला नंबर लागतो. म्हणजे मांस कापायच्या आधीच ते काय आहे हे मी लिहून मोकळी होते. आमच्या सरांनी, डॉक्टर ज्ञानेशांनी, त्यासाठी एक तयार शीट करून ठेवलंय. नाव बदला, वय बदला, डावा का उजवा ते बदला, झालं. शेवटची ओळ कायम तीच: ‘सौम्य वाढ. नमुना तपासणीस पाठवला नाही.’ कारण लॅबला पाठवलं की रिपोर्ट येईपर्यंत फाईल लटकते. ऑपरेशन थिएटरची शालू सिस्टर ते शीट बघते आणि कापलेलं मांस कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकते. शीटवर ‘पाठवा’ असेल तरच ती औषधाच्या पाण्याची डबी काढते. मी तिथे लागल्यापासून तिने ती डबी काढलेली मी पाहिली नव्हती.

२

नवसी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. माझं शिक्षण तिच्या मासळीच्या पाटीवर झालं, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. पहाटे सातपाटीच्या बंदरावर माल घ्यायची आणि दिवसभर पालघरच्या बाजारात उन्हात बसायची. एक गुडघा वर, एक मांडी खाली, पुढ्यात पाटी आणि हातात कोयता. गिऱ्हाईक कितीही सुटाबुटातलं असो, आत्या उठायची नाही.

तिच्या डाव्या डोळ्यात वडस आला. मी नोकरीला लागायच्या आधीच सरांनी तो एकदा कापला होता. तो परत आला आणि या वेळेला दिसायला वेगळा होता. फुगीर, पांढरट, वर लाल शिरांचं जाळं. आत्या म्हणायची, “सलू, डोल्यात कायतरी जिवंत हाय गो. रातीला हलते.”

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, या वेळेला लॅबला पाठवा ना. माझी आत्या आहे.”

सरांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. “सलोनी, तू कोडिंग कर. डॉक्टरकी मी करतो. उन्हात बसणाऱ्या बायकांना हे परत परत येतंच.”

आणि शीटवर स्वतःच्या हाताने ‘सौम्य’वर टिक मारली. मांस पिवळ्या पिशवीत गेलं.

तिसऱ्यांदा आलं तेव्हा आम्ही आत्याला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. डोळा काढला, मग गळ्याच्या गाठी काढल्या, आणि मग काढण्यासारखं काही उरलं नाही. पालघरचा वकील म्हणाला, “ताई, कागद एकदम चोख आहेत.” असणारच. कागद चोख ठेवायचाच आम्हाला पगार मिळतो.

बाबा म्हणाले, “सोड ती नोकरी. त्या मेल्याचं तोंड नको बघू.” मी सोडली नाही. तोंड बघायचं होतं म्हणूनच सोडली नाही. रोज सकाळी “गुड मॉर्निंग, सर” म्हणायचे आणि मनात म्हणायचे, तुझ्या डोळ्यात माती पडो. नागीण डूख धरते म्हणतात, तशी मी डूख धरून बसले होते. त्याची मला लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

३

आत्याला जाऊन काही महिने झाले होते. दुपारचा चहा पिऊन मी फायली करायला बसले. पहिलाच पेशंट एमआयडीसीतला एक कामगार, वडस, उजवा डोळा. सकाळी जिन्यात मला म्हणाला होता, “मॅडम, बहुत जलता है.” त्याचा फोटो उघडला.

हे फोटो फार मोठे असतात. एका डोळ्याने पूर्ण स्क्रीन भरतो. पांढऱ्यावरच्या शिरा, बुबुळाची तपकिरी नक्षी आणि मधोमध काळी बाहुली. बाहुलीत दिव्याची एक पट्टी चमकते, ती नेहमीची. त्या पट्टीच्या खाली काहीतरी होतं.

मला वाटलं, स्क्रीनवर डाग आहे. ओढणीने पुसला, गेला नाही. फोटो मोठा केला. बारीक, काळपट, खाली रुंद आणि वर निमुळतं. एका बाजूला कोपर काढल्यासारखं टोक. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की कोणीतरी बसलंय. लगेच दुसरा आला की सलोनी, तुझं डोकं फिरलंय, ते स्टूल असेल.

स्टूलच असणार. डोळा म्हणजे गोल आरसा. समोर जे असेल ते त्यात दिसणार, खोलीतलं स्टूल, टेबल, फोटो काढणारा अनुज. मी फाईल पाठवून दिली.

पुढची फाईल मुरब्याच्या एका म्हाताऱ्या बाईची, डावा डोळा. त्यातही ते होतं. त्याच्या पुढची शाळेतल्या एका मास्तरांची, तिला वडसाशी देणंघेणंच नव्हतं, साधा मोतीबिंदू. त्यात नव्हतं.

मग मी जुन्या फायली उघडत बसले. सगळे वडसवाले, एकामागून एक. आत्या होती तोपर्यंतच्या फोटोंत बाहुली स्वच्छ, नुसती दिव्याची पट्टी. ती गेल्यानंतरच्या प्रत्येक फोटोत पट्टीखाली ते बसलेलं. आणि ते टोक कोपर नव्हतं. तो वर घेतलेला गुडघा होता.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. बंदरावर वाढलेल्या पोरीला असल्या गोष्टी लहानपणीच इतक्या ऐकायला मिळतात की पुढे कंटाळा येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सरळ फोटोच्या खोलीत गेले.

खोली बिनखिडकीची आहे. काळा पडदा, मधे हनुवटी टेकवायचं ते यंत्र, एका बाजूला पेशंटची खुर्ची, दुसऱ्या बाजूला फोटो काढणाऱ्याची. अनुज तिथला टेक्निशियन. त्याचे वडील अणुऊर्जा केंद्रात, पोरगा शिकलेला, दिवसभर कानात इअरफोन. मी पेशंटच्या खुर्चीत बसले आणि समोर बघितलं. यंत्र, अनुजची खुर्ची, तिच्या मागे कोरी भिंत. भिंतीपाशी काहीही नव्हतं.

“अनुज, तुझं स्टूल कुठंय रे? इथे भिंतीला असायचं ना?”

“इकडे घेतलं, ताई.” त्याने दाराकडे बोट केलं.

“का?”

“असंच. इकडे बरं पडतं.”

“कधीपासून?”

“बरेच महिने झाले.” तो यंत्राची काच पुसत राहिला. काच स्वच्छ होती.

मी त्याला म्हटलं, एसी बंद कर, इअरफोन काढ आणि एक मिनिट गप्प बस. त्याने ऐकलं. खालून रस्त्यावरच्या टँकरचा हॉर्न आला. मग तोही थांबला आणि मला आवाज ऐकू आला. खर्र. थांबून परत खर्र. सुक्या हाताने, घाई न करता, शेपटाकडून डोक्याकडे खवले काढताना येतो तो. माझं अख्खं लहानपण त्या आवाजात गेलंय, त्यात माझी चूक होणार नाही. तो कोऱ्या भिंतीकडून येत होता.

“ऐकलंस?”

“भिंतीपलीकडे थिएटर आहे, ताई,” अनुज पटकन म्हणाला. “सर बुबुळ खरवडत असतील.”

खरंय, वडस काढताना बुबुळ खरवडावं लागतं. पण त्याचा आवाज भिंतीतून येतो होय? शिवाय त्या दिवशी सर पालघरला होते आणि थिएटरला कुलूप होतं. हे दोघांनाही माहीत होतं. अनुजने इअरफोन परत कानात घातले. पुढच्या आठवड्यात त्याने सुट्टी टाकली, तो परत आलाच नाही.

५

आता खरं सांगते. मी घाबरले, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी मला बरं वाटायला लागलं.

आत्या आली होती. फुकट जाणाऱ्यातली नव्हतीच ती! बाजारात तिच्या पाटीतला एक बोंबील कुणी उचलला तर स्टेशनपर्यंत पाठलाग करायची, मग ज्याने डोळा नेला, जीव नेला, त्याला ती सोडेल? वडसाचा फोटो आला की मी आधी बाहुली बघायचे. ती तिथे असायची, तशीच गुडघा वर घेऊन, पाठ माझ्याकडे आणि तोंड आत कुठेतरी. मी हळू आवाजात म्हणायचे, “बस गो आत्या. बसून राहा. त्याला सोडू नको.” शालू सिस्टरने एकदा ऐकलं. म्हणाली, “सलोनी, कुणाशी बोलतेस?” म्हटलं, “देवाशी.”

आणि मग एका सोमवारी, सगळ्या स्टाफच्या मीटिंगमध्ये, सर चष्मा काढून डोळा चोळायला लागले. डावा डोळा. हात बाजूला केला तेव्हा नाकाकडच्या कोपऱ्यात एक गुलाबी ठिपका मला दिसला.

एसी केबिन, एसी गाडी, एसी घर. हा माणूस उन्हात उभा राहिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पोटातून आनंदाची एक उकळी आली, इतकी की मी ओढणीत तोंड खुपसून खोकल्याचं नाटक केलं.

महिन्याभरात ठिपक्याचा पडदा झाला. फुगीर, पांढरट, वर लाल शिरांचं जाळं. मी ते रूप ओळखत होते. सर सगळ्यांना सांगत, “डॉक्टरलाच डॉक्टरचा रोग!” आणि एकटेच हसत. मग ते हसायचे थांबले. केबिनच्या आरशासमोर पापणी ओढून उभे असलेले दिसायचे. कुणी आत गेलं की खेकसायचे.

उत्कर्षा मॅडम म्हणजे आमच्या ज्युनियर डॉक्टर. त्यांनी सरांना तपासलं आणि थेट माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं.

“सलोनी, मला कडा आवडलेल्या नाहीत. हा साधा वडस नाही. परवा मी काढतेय. तू शीटवर ‘स्वरूप अनिश्चित’चा नंबर टाक आणि ‘नमुना पाठवा’ लिही. लवकर कळलं तर डोळाही वाचेल आणि माणूसही वाचेल. उशीर झाला तर काय होतं ते तुला वेगळं सांगायला नको.”

“नको, मॅडम,” मी म्हटलं. “मला माहीत आहे.”

६

अनुजच्या जागी कोणी आलं नव्हतं, म्हणून सरांच्या डोळ्याचा फोटो काढायचं काम माझ्यावर आलं. यंत्र चालवायला मी त्याचं बघून शिकले होते.

सरांनी हनुवटी टेकवली. मी समोर बसले. एवढ्या जवळून मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाढीचे पांढरे खुंट, कपाळावर घाम.

“एसी वाढव जरा,” ते म्हणाले.

“फुलच आहे, सर.”

खर्र, खर्र. माझ्या अगदी पाठीमागून आवाज येत होता, मानेवर वारा लागावा इतक्या जवळून. सरांना ऐकू येत होता की नाही कोण जाणे. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच अडकली.

“मागे कोण आहे?”

“भिंत आहे, सर. हलू नका.”

मी बटण दाबलं आणि आवाज थांबला. असा थांबला, जसं कोणी कोयता खाली ठेवून वर बघावं.

फोटो मी तिथे उघडला नाही. माझ्या खोलीत आले, कडी घातली, मग उघडला. सरांचा डोळा स्क्रीनभर पसरला. बाहुलीत दिव्याची पट्टी. तिच्याजवळ यंत्राआडून डोकावणारा माझा एक खांदा. आणि माझ्या मागे आत्या.

या वेळेला तिची पाठ नव्हती. ती माझ्याकडे वळून बसली होती. फोटो मोठा करत गेले की चेहरा फुटत जायचा, लहान केला की परत जमायचा. डाव्या डोळ्याच्या जागी खळगा होता. उजवा डोळा होता, तो थेट माझ्यावर. आणि हात पुढे आलेला, पाटीवर फडकं ओढता ओढता थांबलेला.

बाजारातल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. आत्याला एखादं गिऱ्हाईक नको असलं की ती भांडत बसायची नाही. पाटीवर ओलं फडकं ओढायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. समोरच्याने दुप्पट देऊ केले तरी फडकं निघायचं नाही. अर्थ एकच, माज्याकडचं तुला नाय.

मला वाटत होतं ती सरांसाठी आली. ती तर मला नाही म्हणत होती.

“का?” मी विचारलं. मोठ्यानेच विचारलं. “तुझा डोळा गेला ना? तू गेलीस ना? मग?”

फोटो तो फोटोच. तो काय बोलणार! मला राग आला. सरांचा नाही, आत्याचा. मरून गेल्यावर कसलं हे थोरपण? ज्याचं जळतं त्याला कळतं. ती सुटली होती. जळायला मी मागे राहिले होते, रोज गुड मॉर्निंग करत.

७

संध्याकाळी दारावर टकटक झाली. सर स्वतः. माझ्या खोलीत ते कधीच येत नसत. बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून उभेच राहिले.

“सलोनी, माझं शीट केलंस?”

“करतेय, सर.”

“ते लॅबचं टाकशील ना? उत्कर्षा म्हणाली असेल.” त्यांनी घसा खाकरला. “मी नेहमी टाकत नाही, पण या वेळेला टाक. मुलगी बारावीला आहे माझी.”

मी त्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी म्हणेल. म्हणेल की सलोनी, तुझ्या आत्याच्या वेळेला मी चुकलो. एवढं एक वाक्य आलं असतं तर मी खरंच टाकलं असतं. देवाशपथ टाकलं असतं.

“तुझी ती आत्या होती ना?” सर म्हणाले. “काय नाव तिचं?”

“नवसी.”

“हां. तिचं काय, तिने फार उशीर केला होता.”

चोराच्या उलट्या बोंबा! माझे कान गरम झाले. तोंडातून मात्र अगदी गोड आवाज आला. “हो ना, सर. तुम्ही काळजी करू नका. मी टाकते.”

ते गेले. मी तयार शीट उघडलं. नाव बदललं, वय बदललं, डावा डोळा तसाच राहू दिला. शेवटच्या ओळीला हात लावला नाही. सौम्य वाढ. नमुना तपासणीस पाठवला नाही. बाजूच्या खिडकीत फोटो उघडाच होता आणि आत्या फडकं धरून माझ्याकडे बघत होती.

“तू नाय म्हण,” मी तिला म्हटलं. “मी हो म्हणते.”

आणि पाठवून दिलं.

फोटो बंद करायला गेले तर बाहुलीत दिव्याची पट्टी होती आणि माझा खांदा होता. मागे कोरी भिंत. आत्या नव्हती. त्यानंतर एकाही फोटोत ती दिसली नाही. मी शोधली. जुन्या सगळ्या फायली उलथ्यापालथ्या केल्या, ज्यांत ती होती त्यांतूनही गेली होती. त्या दिवशी मी खूप रडले. माझी आत्या दोनदा गेली आणि दुसऱ्यांदा मीच तिला घालवली.

८

ऑपरेशन झालं. शालू सिस्टरने शीट बघितलं, पिवळी पिशवी उघडली, गाठ मारली. काचेतून मी पाहिलं.

उत्कर्षा मॅडम पुढच्या आठवड्यात परीक्षेसाठी नाशिकला गेल्या. तिथून फोन आला, “रिपोर्ट काय आला गं?” मी म्हटलं, “साधा वडस, मॅडम. सौम्य.” त्या म्हणाल्या, “देवच पावला.” सरांनाही मी तेच सांगितलं. कागद बघायला मागतील म्हणून मनात उत्तर तयार ठेवलं होतं, पण मागितला नाही. चांगली बातमी कोण तपासून बघतो? सरांनी सगळ्या स्टाफला जिलेबी वाटली. मी खाल्ली, दोन तुकडे खाल्ले.

दिवस बरे चालले होते. फोटोच्या खोलीत नवीन मुलगी आली, तिने स्टूल परत भिंतीला ठेवलं. आवाज नाही, काही नाही. मी मन लावून काम करत होते.

मग काल दुपारी सर परत माझ्या दारात आले. चष्मा हातात होता. काही न बोलता टेबलाजवळ आले, वाकले आणि बोटाने डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

“सलोनी, बघ ना जरा. उत्कर्षा नाहीये, दुसऱ्या कोणाला दाखवायला मन होत नाही. परत आल्यासारखं वाटतंय का? रिपोर्ट नक्की सौम्यच होता ना?”

मी उठले आणि त्यांच्या डोळ्यावर वाकले. कोपऱ्यात, टाक्यांच्या जागी, गुलाबी होतं. मॅडमचे शब्द आठवले. लवकर कळलं तर डोळाही वाचेल आणि माणूसही. अजून उशीर झाला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं, सर, मुंबईला जा, आजच जा. खोटं नाही सांगत, ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. ते पापणी धरून थांबले होते. म्हातारे दिसत होते.

मग माझी नजर बाहुलीत गेली.

तिथे मी दिसणार हे मला माहीत होतं. समोर जे असेल ते दिसतं, डोळा म्हणजे आरसा. आणि मीच होते. माझा निळा कुर्ता, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. फक्त मी वाकलेली होते आणि बाहुलीतली ती बसलेली होती.

एक गुडघा वर, एक मांडी खाली. कुठेही जायची घाई नसलेल्या बाईसारखी, आरामात, ऐसपैस. तोंड माझ्याकडे नव्हतं, आत होतं, जिथे ते मांस उगवत होतं तिकडे. हात हलत होता, सावकाश, शेपटाकडून डोक्याकडे.

ऊठ, मी मनात म्हटलं. ऊठ गं, बास झालं. माझे दोन्ही हात टेबलावर टेकलेले होते, गच्च. बाहुलीतला हात थांबला नाही. तिने मान वळवली नाही.

“सलोनी? काय दिसतंय?”

मी तोंड उघडलं. जे बोलायचं होतं ते जिभेवर होतं.

“सौम्यच आहे, सर,” माझा आवाज म्हणाला. “काही करायची गरज नाही.”

सरांनी पापणी सोडली. मोठा श्वास घेतला, चष्मा घातला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा मोठी माणसं ठेवतात.

“तू आहेस म्हणून बरंय, बाळ,” ते म्हणाले.